स्फोटानंतरची चौकशी पुरे, आता आधीचं गणित दाखवा

पोस्ट मोठी आहे. पण डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर, तळोजा, रसायनी, तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभ यांपैकी कुठल्याही एमआयडीसीचा वास तुमच्या खिडकीपर्यंत येत असेल, तर दहा मिनिटं काढून वाचाच.

केमिकल कंपनीत स्फोट झाला की पुढे काय होणार हे आता आपल्याला पाठ झालंय. काचा फुटतात, धुराचे व्हिडिओ फिरतात, पहिल्या तासात बातमी येते की बॉयलर फुटला. बऱ्याचदा तो बॉयलर नसतोच, रिअ‍ॅक्टर असतो. मग नेत्यांच्या भेटी, मदतीची घोषणा, चौकशी समिती. डोंबिवलीकरांनी हे २६ मे २०१६ ला बघितलं आणि जवळजवळ आठ वर्षांनी, २३ मे २०२४ ला, पुन्हा बघितलं. प्रत्येक वेळी प्रश्न एकच विचारला जातो: हे कसं झालं?

माझं म्हणणं असं की हा प्रश्न उशिरा विचारला जातोय. रिअ‍ॅक्टरमध्ये थंड पाणी बंद पडलं तर काय होईल, किती मिनिटांत होईल, टाकीतून वाफ सुटली तर ती कुठल्या गल्लीत शिरेल, यातलं बरंचसं आज कॉम्प्युटरवर आधी काढता येतं. मी पोटापाण्यासाठी हेच काम करते. म्हणून सांगते, हे ज्ञान आपल्याकडे नाही असं अजिबात नाही. ते कंपनीचं उत्पादन वाढवण्यासाठी वापरलं जातं. कुंपणाबाहेर राहणाऱ्या माणसासाठी मात्र ते क्वचितच वापरलं जातं, आणि वापरलं तरी त्याला दाखवलं जात नाही.

आधी हे काम म्हणजे नक्की काय ते सांगते.

गॅसवर ठेवलेलं दूध आठवा. पातेल्यात द्रव आहे, तळाशी वाफेचे बुडबुडे तयार होतायत, वर साय धरतेय. बुडबुडे वर येतात, सायीखाली अडकतात, आणि तुम्ही दार उघडायला गेलात तेवढ्यात दूध उतू जातं. एका पातेल्यात द्रव, वायू आणि घट्ट पदार्थ असे तिघं एकत्र फिरतायत, प्रत्येकाचा वेग वेगळा. आमच्या भाषेत याला बहुप्रावस्था प्रवाह म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट रोजची आहे.

आता त्या पातेल्याच्या जागी दहा हजार लिटरचा रिअ‍ॅक्टर ठेवा आणि दुधाच्या जागी असं मिश्रण, जे स्वतःच उष्णता निर्माण करतं. म्हणजे गॅस बंद केला तरी तापतच राहणारं दूध. केमिकल कंपनीतली धोकादायक बॅच म्हणजे साधारण हेच.

कॉम्प्युटरवर आम्ही काय करतो? त्या रिअ‍ॅक्टरची आतली जागा लाखो बारीक खणांत वाटतो. प्रत्येक खणात किती द्रव आहे, किती वायू, तापमान काय, दाब काय, कुठलं रसायन किती उरलंय, याचा हिशेब मांडतो. शेजारच्या खणातून काय आलं, काय गेलं, त्याचाही. वस्तुमान, वेग आणि उष्णता, तिघांचा जमाखर्च जुळला पाहिजे. मग वेळ सेकंदाच्या बारीक भागाने पुढे सरकवायची आणि सगळा हिशेब पुन्हा करायचा. असं लाखो वेळा. जादू नाही, खतावणी आहे. फक्त फार मोठी.

आणि हे शास्त्र काही परक्यांचं नाही. ज्या पद्धतीवर या क्षेत्रातली कितीतरी सॉफ्टवेअर उभी राहिली, ती 'सिंपल' नावाची पद्धत १९७२ साली लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या दोघांनी मांडली. एक ब्रायन स्पाल्डिंग आणि दुसरे सुहास पाटणकर. हो, आपले पाटणकर. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९६२ साली बाहेर पडलेले, मग आयआयटी मुंबईत शिकलेले. १९८० साली आलेलं त्यांचं पुस्तक आजही जगभरचे विद्यार्थी वाचतात. रासायनिक रिअ‍ॅक्टरमधल्या प्रवाहाच्या गणितावर २००२ साली आलेलं एक महत्त्वाचं पुस्तक विवेक रानडे यांचं, तेव्हा ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये होते. माटुंग्याच्या आयसीटीत, जिला जुने लोक अजून यूडीसीटी म्हणतात, प्रा. ज्येष्ठराज जोशी यांनी द्रवातून बुडबुडे कसे चढतात यावर कित्येक वर्षं काम केलं. सुपरकॉम्प्युटर बनवणारं सी-डॅक पुण्यातच आहे. सॉफ्टवेअर महाग आहे म्हणाल तर 'ओपनफोम' २००४ पासून सगळ्यांसाठी खुलं आहे, फुकट आहे.

थोडक्यात, डोक्यापासून यंत्रापर्यंत सगळं दोनशे किलोमीटरच्या आत आहे. मग अडतं कुठे? दोन अपघातांचं उदाहरण घेऊ.

पहिला विशाखापट्टणमचा. ७ मे २०२०, लॉकडाऊनचे दिवस, पहाटेची वेळ. एल. जी. पॉलिमर्सच्या टाकीतून स्टायरीनची वाफ सुटली आणि शेजारच्या आर. आर. वेंकटापुरम गावात शिरली. १२ माणसं गेली. शेकडो दवाखान्यात. स्टायरीनची वाफ हवेच्या साडेतीन पट जड, त्यामुळे ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटते.

आंध्र सरकारच्या उच्चाधिकार समितीने जे सांगितलं ते नीट वाचण्यासारखं आहे. स्टायरीन थंड ठेवावं लागतं, नाहीतर त्याचे रेणू आपोआप एकमेकांना जोडले जाऊ लागतात आणि त्यातून उष्णता निघते. कंपनी तापमान बघत होती. पण तापमान मोजणारं उपकरण टाकीच्या खालच्या भागात होतं. वरचं तापमान मोजायची सोयच नव्हती. पाइपिंगमध्ये आधी केलेल्या बदलामुळे टाकीतलं द्रव वरपासून खालपर्यंत नीट फिरत नव्हतं. प्रक्रिया रोखणारं रसायन पुरेसं नव्हतं.

ज्यांच्या घरी पाण्याचा बंब होता त्यांना हे समजवायला इंजिनिअर लागत नाही. गार पाणी नरसाळ्यातून ओतलं की ते तळाशी जातं आणि कडकडीत पाणी वरून निघतं. तळाला हात लावून कोणी पाणी तापलंय का ते ठरवत नाही. त्या टाकीत नेमकं हेच चाललं होतं. खाली थंड, वर तापलेलं. काट्यावरचा आकडा खोटा नव्हता, पण तो टाकीच्या एका कोपऱ्याचा होता.

टाकीत वरचा थर वेगळा तापतो का, पंपाने फिरवलेलं द्रव वरपर्यंत पोचतं का, हे काढणं आमच्या कामातलं त्यातल्या त्यात सरळ गणित आहे. पाइप बदलण्याआधी ते करून बघितलं असतं, तर वरही एक तापमापक हवा हे कळायला वाव होता. तापमापक काही फार महाग वस्तू नाही. आणि समितीने आणखी एक गोष्ट नोंदवली: कंपनीचा भोंगा वाजलाच नाही. गणित असो वा भोंगा, वेळेवर वापरायचं असतं.

दुसरा अपघात अमेरिकेतला. फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल शहर, १९ डिसेंबर २००७, टी-टू लॅबोरेटरीज नावाची छोटी कंपनी. आपल्या एमआयडीसीत शेकड्याने असतात तशीच. पेट्रोलमध्ये घालायचं एक रसायन बनवायचे. १७४ बॅच निघाल्या होत्या. १७५ व्या बॅचला थंड पाणी मिळालं नाही, दुसरी पर्यायी सोय नव्हती, आणि रिअ‍ॅक्टर फुटला. कंपनीतली ४ माणसं गेली. ३२ जखमी झाले, आणि त्यातले २८ कंपनीचे नव्हतेच, आजूबाजूच्या इतर आस्थापनांत काम करणारे होते. हा आकडा लक्षात ठेवा. ३२ पैकी २८ शेजारी.

तिथल्या सरकारी तपास मंडळाने कारण काढलं. एक लिटरच्या प्रयोगावरून थेट नऊ हजार लिटरच्या वर उडी मारली होती. आता हिशेब बघा. आकार तोच ठेवून भांडं नऊ हजारपट मोठं केलं, की दर लिटरमागे थंड करणारी भिंत जवळजवळ एकविसाव्या हिश्श्यावर येते. लहान भांड्यात भिंतीतून सहज निघून जाणारी उष्णता मोठ्या भांड्यात कोंडते.

आणि दुसरा हिशेब. ढोबळमानाने तापमान दर १० अंशांनी वाढलं की रासायनिक प्रक्रियेचा वेग दुप्पट होतो. ४० अंशांवरून ९० वर गेलात तर वेग ३२ पट. पण बाहेरच्या जॅकेटमधलं पाणी ३० अंशांचं असेल तर थंड करण्याची ताकद फक्त सहापट वाढते, कारण फरक १० अंशांवरून ६० वर गेला. ३२ पट आवक, ६ पट जावक. हे खातं कधी जुळणार? एका मर्यादेनंतर ऑपरेटर कितीही हुशार असो, बॅच त्याच्या हातात राहत नाही.

हा हिशेब तर कागदावरही होतो. कॉम्प्युटर त्यात पुढचं सांगतो: ढवळणारं पातं बंद पडलं तर कुठल्या कोपऱ्यात आधी तापेल, फेस किती उसळेल, सेफ्टी व्हॉल्व्हमधून नुसता वायू जाईल की फेसाळ द्रवही. व्हॉल्व्ह वायूसाठी मापलेला असेल आणि आला फेस, तर तो पुरत नाही. पातेल्यावर झाकण ठेवून दूध तापवलं तर काय होतं ते प्रत्येक घरात माहीत आहे.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर ही सॉफ्टवेअरची जाहिरात होईल.

कॉम्प्युटरमधून निघालेलं रंगीत चित्र म्हणजे पुरावा नव्हे. त्यात तुम्ही काय घातलं यावर सगळं आहे. प्रक्रियेतून किती उष्णता निघते, कुठल्या तापमानाला दुसरीच प्रक्रिया सुरू होते, हे आधी प्रयोगशाळेत उष्णतामापकावर मोजावं लागतं. टी-टूच्या बाबतीत तेच झालं नव्हतं. ठराविक तापमानाच्या वर गेलं की दुसरी, जास्त भयंकर प्रक्रिया सुरू होते हे त्यांना माहीतच नव्हतं. जे माहीत नाही ते कॉम्प्युटरलाही माहीत नसतं. मोजमाप न करता केलेलं सिम्युलेशन म्हणजे कुंडली.

वायू पसरण्याचंही तसंच. पर्यावरण परवानगीच्या अहवालात धोक्याचं एक प्रकरण असतं आणि त्यात नकाशावर गोल काढलेले असतात: इथपर्यंत धोका, त्यापुढे सुरक्षित. यासाठी वापरलं जाणारं एक प्रसिद्ध सॉफ्टवेअर म्हणजे 'अलोहा'. अमेरिकी सरकारी संस्थांनी बनवलेलं, मोफत, आणि ज्या कामासाठी बनवलंय त्याला चांगलं: आग विझवायला निघालेल्या माणसाला पटकन अंदाज देणं. पण ते जमीन सपाट धरतं. डोंगर, इमारती, नाले त्यात नाहीत. वारा फारच मंद असेल तर त्याचा अंदाज भरवशाचा नाही, हे बनवणारेच सांगतात.

आता महाड डोळ्यासमोर आणा. चारी बाजूंनी डोंगर, मधे नदी. लोटे तर घाटमाथ्याच्या पायथ्याला. डोंबिवलीत कंपनीच्या भिंतीला लागून सोसायट्या. जड वायू सोसायट्यांमधल्या बोळात साठेल की निघून जाईल, हे सपाट जमिनीवरचा गोल कसं सांगणार? आणि मंद वारा म्हणजे कधी? हिवाळ्यातली रात्र, पहाट. भोपाळ रात्री झालं. विशाखापट्टणम पहाटे झालं. नेमक्या त्या वेळेला गोल लंगडा पडतो.

नाव न घेता एक अनुभव सांगते. एका कंपनीसाठी असं काम करताना आमच्या गोलाची कड एका शाळेवरून जात होती. तिथल्या साहेबांनी विचारलं की वाऱ्याचा वेग जरा जास्त धरला तर गोल लहान होतो ना. होतो. वारा वाढवला की वायू लवकर विरळ होतो, कागदावर शाळा सुरक्षित होते. आम्ही नाही म्हटलं. ते काम दुसऱ्याकडे गेलं. पुढे फाइलमध्ये कुठला गोल लागला ते मला कधी बघायला मिळालं नाही. शाळेतल्या पालकांनाही मिळालं नसणार.

खरा मुद्दा हाच आहे. गणित करणाऱ्याला पैसे कोण देतं आणि ते बघतं कोण.

कायदा काय म्हणतो? कायदा वाईट नाही. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायद्यात कलम ४१-ब घातलं गेलं. धोक्याची माहिती कामगारांना आणि आजूबाजूच्या जनतेलाही द्यायची. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांत तेच पुन्हा आहे: अपघात झाला तर ज्यांना झळ बसेल त्यांना आधी सांगा. कुंपणाबाहेरचा आपत्कालीन आराखडा करा, वर्षातून एकदा त्याची तालीम घ्या. १९९६ च्या नियमांनी जिल्ह्यात आणि स्थानिक पातळीवर आपत्ती गट नेमायला सांगितलं.

तुमच्या सोसायटीला शेवटचं पत्र कधी आलं? तालमीत तुम्ही कधी होतात? भोंगा वाजला तर पळायचं की दारं-खिडक्या लावून आत बसायचं, घरातल्या कोणाला माहीत आहे? मला माझ्या बिल्डिंगमध्ये एकही माणूस सापडला नाही.

शिवाय एक मोठी पळवाट आहे. २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेत मान्यताप्राप्त औद्योगिक वसाहतीतल्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली आहे. गावात कारखाना आला तर सुनावणी, एमआयडीसीत आला तर बहुतेक वेळा नाही. वसाहत बांधली तेव्हा आजूबाजूला शेतं होती, हे खरं. आज तिथे शाळा, हॉस्पिटल आणि सात मजली इमारती आहेत, हेही खरं.

काही जण म्हणतील, मग कारखानेच हलवा. २०२४ नंतर ती चर्चा बरीच झाली. माझा विरोध नाही, पण एक विचारते. हलवणार कुठे? जिथे न्याल तिथेही गाव आहे, नदी आहे, पोरं शाळेत जातात. गणित न करता हलवणं म्हणजे आपला धोका दुसऱ्याच्या अंगणात टाकणं. आणि या कंपन्यांवर हजारो घरं चालतात, त्यातलं एक माझंही. मला कंपन्या बंद पडायला नकोत, त्यांनी नीट चालायला हवं.

कंपनीवाले म्हणतील खर्च परवडत नाही. मोठ्यांचं हे ऐकूच नका, ते उत्पादन वाढवायला हेच गणित रोज करतात. लहान कारखान्याची अडचण मात्र खरी आहे. वीस-पंचवीस माणसांची कंपनी उष्णतामापक घेऊ शकत नाही. म्हणून तर वसाहतीची सामायिक सोय हवी. सांडपाण्यासाठी सगळ्यांनी मिळून प्रक्रिया केंद्र उभं केलं ना? तसंच एक सामायिक प्रक्रिया-सुरक्षा केंद्र का नाही?

दुसरा आक्षेप गुपिताचा. फॉर्म्युला फुटेल. पण मला तुमचा फॉर्म्युला नकोय. किती वायू सुटू शकतो, कुठे जाईल, किती वेळात पोचेल, एवढंच हवंय.

तिसरा आक्षेप, लोक घाबरतील. लोक आताही घाबरलेलेच आहेत. मोठा आवाज झाला की डोंबिवलीत आजही माणसं गॅलरीत येतात. माहिती असलेला माणूस घाबरला तरी योग्य दिशेने पळतो.

म्हणून मागण्या चार, आणि चारही करता येण्यासारख्या.

एक, जिथे उष्णता सोडणारी प्रक्रिया चालते त्या प्रत्येक अतिधोकादायक कारखान्यात थंड पाणी बंद, ढवळणं बंद, चुकीचा माल पडला, या तीन प्रसंगांचं गणित हवं. मोजलेल्या आकड्यांवर, अंदाजावर नाही. बॅच मोठी केली किंवा पाइप बदलला की गणित पुन्हा.

दोन, वायू पसरण्याचे नकाशे खऱ्या जमिनीचे आणि खऱ्या इमारतींचे हवेत. दिवसाचा वेगळा, रात्रीचा वेगळा, पावसाळ्याचा वेगळा. मराठीत. वॉर्ड ऑफिस, शाळा आणि सोसायटीच्या बोर्डावर लावलेले.

तीन, तपासणारा कंपनीच्या पगारावर नको. आयसीटी, एनसीएल, आयआयटी, सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. पैसे सामायिक निधीतून जावेत, म्हणजे वारा वाढवा असं सांगायला कोणी उरणार नाही.

चार, वर्षातली तालीम लोकांना घेऊन करा. गेटच्या आत फोटो काढून नाही.

हे सगळं उद्या होणार नाही, मलाही कळतं. पण एक गोष्ट या आठवड्यात होऊ शकते. तुमच्या सोसायटीच्या लेटरहेडवर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना एक अर्ज द्या. फक्त तीन प्रश्न विचारा. आमच्या जवळ कुठले अतिधोकादायक कारखाने आहेत? त्यांच्या वायूच्या नकाशात आमची बिल्डिंग कुठे येते? तो नकाशा काढताना वारा किती धरला होता?

तिसरा प्रश्न विसरू नका. तो विचारला की समोरच्याला कळतं, हे फाइल बघायला आलेत.

अर्जाचा मसुदा हवा असेल तर कमेंटमध्ये सांगा, मराठीत करून देते. आणि आपल्या भागात कोणाला असं उत्तर किंवा नकाशा आधीच मिळाला असेल, तर जरूर लिहा. मला तो बघायचाय.